ड्रायव्हरच्या बाजूचं दार

अण्णांच्या मोटारीला ड्रायव्हरच्या बाजूला दार होतं, पण ते उघडत नसे. मोटार जुनी, कापडी टपाची, एका वकिलांकडून घेतलेली. तिची स्टेपनी, म्हणजे जादाचं चाक, उजव्या फूटबोर्डवर अगदी त्या दाराला टेकून बांधलेली असे. त्यामुळे अण्णा डावीकडून चढत, गियरच्या दांड्यावरून एक पाय पलीकडे टाकत आणि स्टिअरिंगखाली सरकून बसत. अंगात कोट, हातात बॅग, तरी ते त्यांना एका झटक्यात जमे. मला तर पुष्कळ वर्षं वाटायचं की सगळ्याच मोटारीत असंच बसतात.

माझे वडील डॉक्टर होते. दवाखाना सोलापुरात होता, पण त्यांचा जीव खेड्यांतल्या व्हिजिटांत. अक्कलकोटच्या बाजूला जिथं रस्ता संपे तिथून पुढे, बैलगाडीच्या चाकोऱ्या धरून, काळ्या रानातून ते मोटार घालत. वाटेवर बाभळीचे काटे इतके, की एका फेरीत एकदा तरी चाक बसायचंच. म्हणून स्टेपनी नसली तर ते गावाच्या वेशीबाहेर मोटार काढत नसत.

मी बाविसाव्या वर्षी मुलींच्या शाळेत शिकवायला लागले, त्याच वर्षी त्यांना अपघात झाला. एका खेड्यात रोग्याला वाऱ्यासाठी माळवदावर, म्हणजे घराच्या मातीच्या गच्चीवर झोपवलं होतं. त्याला तपासून शिडीवरून उतरताना पायरी मोडली आणि अण्णा खाली उखळावर पडले. उजव्या गुडघ्याची वाटी फुटली. तीन महिने पाय फळीला बांधून ठेवला. फळी निघाली तेव्हा हाड जुळलं होतं, पण गुडघा वाकत नव्हता. पाय कमरेपासून टाचेपर्यंत काठीसारखा सरळ राहिला. आई रोज तेल गरम करून चोळायची. अण्णा भिंतीकडे बघत बसायचे.

एक ड्रायव्हर ठेवून पाहिला. अण्णा मागच्या सीटवर पाय लांब करून बसायचे आणि ‘गियर बदल, अरे, खड्डा दिसत नाही का’ असं सबंध वाटभर त्याला सांगायचे. आठवड्याभरात तो सोडून गेला. दुसरा ठेवायला अण्णांनी नकार दिला.

होळीच्या सुमारास एके दिवशी ते सकाळी काठी टेकत मोटारीजवळ गेले. बराच वेळ उजव्या बाजूला उभे राहिले. मग मला हाक मारून म्हणाले, “अडचण या चाकाची आहे. डावीकडून चढताना पाय दांड्यावरून जात नाही. हे दार मोकळं झालं की मी सरळ आत बसेन. स्टेपनी मागे न्यायची. पाठीमागं लोखंडी कॅरियर करून घ्यायचा.”

“मागच्या सीटवर ठेवली तर?” मी विचारलं.

“आणि पेशंटला कुठं घालू? डोक्यावर?”

त्यांना चालता येत नव्हतं, म्हणून लोहाराकडे मी गेले. रेल्वेच्या रुळांपलीकडे त्याचं दुकान होतं. पन्नाशीचा मुसलमान लोहार, पांढरी दाढी, पुढे भाता आणि ऐरण. टांग्यांच्या कमानी करता करता तो मोटारींच्या कामाला लागला होता. त्याची बायको एकदा बाळंतपणात अडली होती तेव्हा अण्णांनी तिला सोडवलं होतं. अण्णांचं नाव काढताच तो हातातलं काम ठेवून माझ्याबरोबर निघाला.

त्यानं मोटारीला एक फेरी मारली, मागं वाकून पाहिलं, चाक हातानं उचलून वजन जोखलं. अण्णा कॅरियर कसा हवा ते सांगत होते. तो मान हलवत होता, पण त्याची नजर अण्णांच्या पायावर होती. जाताना मी त्याला फाटकापर्यंत पोचवायला गेले. तिथं त्यानं हळूच विचारलं, “बाई, साब खुद चलाएंगे?”

मी म्हणाले, “त्यांची इच्छा आहे.”

“हौ,” तो म्हणाला आणि गेला.

तेव्हा बोलायला हवं होतं, हे मला आज कळतं असं नाही. तेव्हाही कळत होतं. मी अण्णांच्या दवाखान्यात लहानपणापासून बसत आले होते. एकदा एक पद्मसाळी विणकर आला होता, हात यंत्रात सापडलेला. महिनाभर मलमपट्टी झाल्यावर अण्णांनी त्याला समोर बसवून सांगितलं होतं, “हा हात आता माग चालवणार नाही. दुसरं काम बघ. वाट पाहत बसू नकोस.” तो माणूस रडला. अण्णा त्याच्यासमोरून उठले नाहीत, त्याचं रडणं थांबेपर्यंत बसून राहिले. दुसऱ्याचं असं शरीर त्यांच्यासमोर आलं असतं तर त्यांनी पाच मिनिटांत निकाल दिला असता. स्वतःच्या गुडघ्याबद्दल मात्र ते चाकाला दोष देत होते, आणि ते आम्हा दोघींना, मला आणि आईला, दिसत होतं.

मी आईला म्हटलं, “तू सांग ना त्यांना.”

आई म्हणाली, “मी सांगितलं तर ते माझ्याशी बोलायचे बंद होतील. तू सांग. तुझं ऐकतात.”

मी शाळेत जाताना वाक्यं जुळवायची. अण्णा, असं करू या. अण्णा, आपण थोडं थांबू या. घरी येऊन त्यांच्यासमोर उभी राहिले की ते कागदावर कॅरियरचं चित्र काढत बसलेले असायचे. त्या दिवसांत त्यांचा चेहरा उजळला होता. जेवणही जायला लागलं होतं. मी आत जाऊन शाळेच्या वह्या तपासायला बसायची.

लोहारानं पहिला कॅरियर बॉडीच्या मागच्या पत्र्याला बसवला. दोन आडव्या पट्ट्या, मध्ये एक जाड खुंटी, खुंटीवर चाक आणि त्याला पुढून नट. दिसायला सुरेख दिसत होता. शेजारच्या एका ड्रायव्हरला मोटार स्टेशनपर्यंत नेऊन आणायला सांगितलं. तो परत आला तेव्हा चाक एका बाजूला लोंबत होतं. पत्र्याच्या आतलं लाकूड हादऱ्यांनी फाटून बोल्ट निसटले होते.

मला वाटलं, संपलं. उलट अण्णा खूष झाले. “मी सांगत नव्हतो? वजन पत्र्यानं पेलायचं नाही. खालच्या सांगाड्याला धरायला हवं.”

लोहार मोटारीखाली उताणा झोपला. सांगाड्याच्या दोन्ही दांड्यांपासून त्यानं दोन जाड पट्ट्या मागं काढल्या, पेट्रोलची टाकी चुकवून वर वळवल्या आणि त्यांना आडवी पट्टी जोडली. एकेक भोक हातानं पाडायचं. ते काम त्यानं वीस दिवस चालवलं. इतके दिवस लागायला नको होते. तो मुद्दाम सावकाश करतोय असं मला वाटायचं, आणि मी मनातून त्याचे आभार मानायची. अण्णा शेजारी खुर्ची टाकून, पाय स्टुलावर ठेवून बसत आणि त्याला नट आवळायचे पाने देत.

शेवटी चाक मागं चढलं. अण्णांनी मला बोलावून विचारलं, “कसं वाटतं तुला?”

आजूबाजूला कुणी नव्हतं. लोहार हात धुवायला गेला होता. ती वेळ होती.

मी म्हणाले, “चांगला बसलाय.”

दार उघडायला आणखी एक सकाळ गेली. इतक्या वर्षांत बिजागऱ्या गंजून धरल्या होत्या. रॉकेल ओतलं, ठोकलं, तेव्हा कुठं ते कुरकुरत उघडलं. अण्णांनी त्या दिवशी कोट घातला होता. ते पाठमोरे होऊन सीटवर बसले, डावा पाय आत घेतला, आणि उजवा पाय बाहेरच राहिला. सरळ पाय दाराच्या चौकटीतून वळतच नव्हता. टाच पुढच्या पत्र्यावर अडत होती. लोहारानं खाली बसून टाच दोन्ही हातांत धरली. अण्णा डावीकडे कलले, आणखी कलले, जवळजवळ आडवे झाले. पाय आत आला, पण मग स्टिअरिंगपर्यंत त्यांचा हात पोचेना.

आई दारात उभी होती. ती आत निघून गेली.

“सीट चार बोटं मागं घे,” अण्णा म्हणाले.

लोहारानं सीट मागं घेतली. अजून दोन बोटं घेतली. चौथ्या दिवशी अण्णा एकदाचे बसले. पाय खाली तिरपा पडला होता आणि बुटाचं टोक ब्रेकला लागत होतं. गुडघा वाकत नसल्यानं पाय उचलायचा तर त्यांना सगळी कंबर उचलावी लागायची. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. म्हणाले, “मैदानावर जाऊन बघू.”

मी त्या दिवशी शाळेत गेले नाही. मोकळ्या मैदानापर्यंत शेजारच्या ड्रायव्हरनं मोटार नेली. मग अण्णा स्टिअरिंगवर बसले, मी त्यांच्या डाव्या हाताला. लोहार उजव्या फूटबोर्डवर, स्टेपनी होती त्या जागी उभा राहिला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

मोटार सुरू झाली. पहिले शंभर हात ठीक गेली. अण्णांनी माझ्याकडे बघून भुवया उडवल्या, पूर्वीसारख्या. मग जमीन निंबाच्या झाडाकडे उतरती लागली. मोटार वेग घ्यायला लागली. अण्णा ब्रेक दाबायला कंबर उचलत होते, बूट घसरत होता, पुन्हा उचलत होते. “अण्णा,” मी म्हटलं. माझे हात मांडीवर होते आणि ते तिथंच राहिले. लोहारानं अण्णांच्या छातीवरून झुकून आम्हा दोघांच्या मधला हातब्रेक ओढला. मोटार झाडाच्या पाराला धडकली आणि बंद पडली. पुढचा दिवा फुटला. आमच्यापैकी कुणाला लागलं नाही.

मग अण्णा म्हणाले, “ब्रेकला एक दांडा जोडून वर हाताशी आणता येईल. क्लचला डावा पाय आहेच.”

लोहार फूटबोर्डवरून खाली उतरला. दोन्ही हात पुसले. म्हणाला, “साब, ये मेरेसे नै होता.”

“का? लोखंडाचंच तर काम आहे.”

“नै साब,” तो खाली बघत म्हणाला, “ये लोहेका काम नै.”

अण्णा त्याच्यावर रागावले नाहीत. मोटार घरी आली. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला दुसऱ्या एका लोहाराचा पत्ता दिला. मी छत्री घेऊन घरातून निघाले, चौकापर्यंत गेले, देवळात थोडा वेळ बसले आणि परत आले. सांगितलं, “तो गावाला गेलाय. महिनाभर येणार नाही.” आयुष्यात त्यांच्याशी बोललेलं मला आठवतं ते हे एकच खोटं. त्यांनी “बरं” म्हटलं. महिना झाल्यावर त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

पावसाळा लागायच्या आत एक शेतकरी बैलगाडी घेऊन दारात आला. त्याच्या सुनेला आदल्या दिवसापासून कळा येत होत्या, मूल अडलं होतं. त्यानं अंगणातली मोटार पाहिली आणि हात जोडले. “डाक्टरसायेब, मोटार हाय की दारात. चला लगीच. तितं बाया कायबी करू शकंनात.”

अण्णा म्हणाले, “मोटार चालत नाही.”

“मग आमची गाडी हाय. कडबा टाकलाय भरपूर.”

अण्णा आईकडे बघत राहिले, मग बॅग मागितली. त्या माणसानं आणि त्याच्या भावानं त्यांना काखेत हात घालून उचललं आणि गाडीत कडब्यावर ठेवलं. तो पाय मागं गाडीबाहेर आला होता. आईनं त्यावर जुनं धोतर टाकलं, ऊन लागू नये म्हणून. मी बरोबर येऊ का विचारलं, तर म्हणाले, “तुझी शाळा आहे.” गाडी वळून रस्त्याला लागली. ते आभाळाकडे तोंड करून पडले होते, आणि मी फाटकाशी उभी होते.

तिसऱ्या दिवशी ते परत आले. मूल गेलं होतं, सून वाचली होती. ते एवढंच बोलले आणि झोपले. नंतर चार-पाच वर्षं ते तसेच, ज्यांनी गाडी आणली त्यांच्या गाडीतून जात राहिले. लांबच्या गावांना जाणं बंद झालं. तिथल्या लोकांनी पुढं कुणाला बोलावलं, कोण वाचलं, कोण नाही, ते आम्हाला कळलं नाही.

मोटार माढ्याच्या एका व्यापाऱ्यानं विकत नेली. त्याला मागचा कॅरियर फार आवडला. मोटार न्यायच्या दिवशी मी लोहाराला बोलावलं नव्हतं, तरी तो आला, सगळे नट तपासून आवळले आणि ओट्यावर जाऊन अण्णांपाशी बसला. आईनं दोघांना चहा दिला. मोटार गेली तेव्हा दोघांपैकी कुणीही वळून पाहिलं नाही. अण्णा त्याला त्याच्या डोळ्याबद्दल विचारत होते. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरायला लागला होता आणि त्यानं ते आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.