कोणी बिघडवलं

आमच्या घरात एखादी वस्तू बंद पडली की काय बिघडलं हे कोणी विचारत नाही. कोणी बिघडवलं, हे विचारतात. नाव सापडलं की हात उठतो. मिक्सर, शिलाई मशीन, शेतातली मोटर, प्रत्येकीपायी इथे कोणी ना कोणी मार खाल्ला आहे. बाबा होते तोवर ते मारायचे. ते गेल्यावर हे काम दादाकडे आलं आणि त्यानं ते शेतीपेक्षा जास्त मन लावून सांभाळलं.

म्हणून मी जुळवलेला नवाकोरा कॉम्प्युटर चालू झाला नाही, तेव्हा मला धास्ती वाटली ती मशीनसाठी नव्हती, वहिनीसाठी होती.

मी यवतमाळला डिझायनिंगचा कोर्स केला होता, कॉम्प्युटर खोलणं-जोडणंही तिथेच शिकले होते. आर्णीच्या एका फोटो स्टुडिओवाल्याला लग्नाचे अल्बम तयार करून देणारं कोणीतरी हवं होतं, पण मशीन ज्याचं त्यानं आणायचं. मी तयार कॉम्प्युटर न घेता सुटे भाग आणले आणि घरीच जोडायला बसले. रॅम तेवढी दुकानात नव्हती, ती मागाहून येणार होती. तोवर बाकीचं सगळं जोडून, कॅबिनेटची एक बाजू उघडीच ठेवून, मी ते पुढच्या खोलीत टेबलावर ठेवलं. दादा येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून दाखवायचा. "मायी बहीन घरीच बनवून राह्यली," म्हणायचा. त्याला खरंच कौतुक होतं, ते मी नाकारत नाही.

रॅम आली त्याच दिवशी त्यानं स्टुडिओवाल्याला बोलावून घेतलं. आधी मला एकटीला तपासू दे म्हटलं, पण ऐकेल तर तो दादा कसला. पाहुण्यासमोरच घाईघाईनं रॅम खाचेत दाबली आणि बटण दाबलं. पंखे फिरले, दिवा लागला, स्क्रीन काळीच. आतून लांबलचक शिट्टी वाजायची, थांबायची, पुन्हा वाजायची. स्टुडिओवाल्यानं चहा संपवला, "चालू झालं की सांगा," म्हणाला आणि जाताना हसला. भला माणूस होता, सहज हसला. पण ते हसू दादाला झोंबलं.

मोटरसायकलचा आवाज लांब गेल्यावर दादानं विचारलं, "कोनं हात लावला होता याले?"

माय स्वयंपाकघराच्या दारात लसूण सोलत होती. तिनं मान वर केली नाही. वहिनी कपबश्या उचलत होती. "मी सकाळी टेबल पुसला," ती म्हणाली. "मशीनले नाही लावला हात."

"ओल्या फडक्यानं पुसला?"

ती क्षणभर थांबली, तेवढं त्याला पुरलं. पहिल्या थपडेला तिच्या हातातल्या कपबश्या फुटल्या. मग त्यानं तिचे केस धरले आणि कपाळ चौकटीवर आपटलं. ती खाली बसली तर कमरेत लाथ घातली. डोकं वाचवायला तिनं हात वर केला, तर मनगट पिरगाळलं. मी मधे पडले, त्याच्या दंडाला लटकले आणि कडकडून चावले. त्याचं कोपर माझ्या तोंडावर बसलं. ओठ फाटला, तोंडात रक्ताची खारट चव आली. माय बसल्या जागेवरून म्हणाली, "पुरे कर आता, शेजारचे पाह्यतीन."

दमला तेव्हा थांबला. वहिनीला म्हणाला, "सांजपर्यंत हे चालू नाही झालं तं दिग्रसच्या गाडीत बसवून देतो तुले. भर पिशवी. तुया बापालेच सांभाळू दे." वहिनीचं माहेर दिग्रसचं. ती उठली, काचा गोळा केल्या आणि आतल्या खोलीत पिशवी भरायला गेली.

मी कोर्सला जाऊ नये म्हणून दादानं दारात आडवा हात लावला होता, तेव्हा त्याच्याशी भांडून मला गाडीत बसवणारी हीच. त्याबद्दल तिनं काय सोसलं ते तिनं मला कधी सांगितलं नाही. माझा तिच्यावर सख्ख्या भावापेक्षा जास्त जीव होता. आता ती या घरात राहणार की नाही, हे त्या शिट्टी वाजवणाऱ्या डब्यावर येऊन ठेपलं होतं, आणि तो डबा मी आणला होता.

ओठाला ओढणी दाबून मी कामाला लागले. न चालणाऱ्या मशीनचं एक बरं असतं. एकेक भाग काढायचा, बाजूला ठेवायचा आणि उरलेलं काय बोलतं ते ऐकायचं. कोणाची गचांडी धरावी लागत नाही. लांब शिट्टी म्हणजे मशीनला रॅम सापडत नाही, एवढं मला ठाऊक होतं. रॅम काढून पुन्हा बसवली. शिट्टी. शेजारच्या खाचेत बसवली. शिट्टी. दादा समोर खाटेवर बसून पाहत होता. प्रत्येक शिट्टीला तो आतल्या खोलीकडे बघून एक शिवी हासडायचा.

मग तो उठला आणि जुन्या टीव्हीला मारतात तशी कॅबिनेटच्या डोक्यावर एक ठेवून दिली. "याले मारल्याशिवाय नाही समजत," म्हणाला आणि पुन्हा हात उगारला.

"लावून तं पाहा हात," मी म्हणाले. माझ्या हातातला स्क्रू फिरवायचा पेचकस त्याच्या पोटाच्या दिशेनं होता हे मला जरा वेळानं दिसलं. खरं सांगायचं तर मी खुपसला असता. त्याच्याच रक्ताचा राग माझ्यातही आहे, तो काही फक्त मुलांना वाटून दिलेला नाही. दादा हसला, पण खाटेवर जाऊन बसला.

रॅमच्या खालच्या कडेला बारीक सोनेरी दात असतात. त्यांच्यावर मळ बसला तर साध्या खोडरबरानं घासायचे, असं आम्हाला शिकवलं होतं. दिसायला दात स्वच्छ होते, छान पिवळेधमक. तरी मी माझ्या जुन्या कंपासमधलं पांढरं खोडरबर काढलं आणि घासलं. रबर पिवळं झालं.

सोन्याचा रंग रबराला लागत नाही. मी रबर नाकाशी नेलं, तर हळदीचा वास. मोबाईलची बॅटरी लावून खाचेत पाहिलं. दोन्ही खाचांच्या तळाशी पिवळी पूड बसली होती, तिच्यात कुंकवाचे दोन-चार लाल कण.

कोरड्या ब्रशनं सगळं झाडून काढलं, दात पुन्हा घासले, रॅम दाबून बसवली आणि बटण दाबलं. या वेळी एकच छोटी शिट्टी आली आणि स्क्रीनवर पांढरी अक्षरं उमटली. वहिनी वाचली, एवढंच मनात आलं.

दादा धावतच आला. "झालं? काय होतं बे?"

मी रबर त्याच्यापुढे धरलं. "हळद. पूजा कोनं केली याची?"

"मी केली," माय म्हणाली. "तू बाहेर गेलती तवा. नवीन वस्तू घरात आली, तिले हळद-कुंकू नाही वाहाव का? उघडंच होतं, चांगली चिमटी-चिमटी वाह्यली. मंग तू चिडशीन म्हनून फुकून टाकली."

हळदीनं मशीन अडतं हे तिला माहीत असण्याचं कारण नव्हतं. पण हात कोणी लावला, या प्रश्नाचं उत्तर तिला पहिल्यापासून माहीत होतं. वहिनीचं कपाळ चौकटीवर आपटत होतं तेव्हाही ती लसूणच सोलत होती.

दादानं रबरावरचा पिवळा डाग बोटानं पुसून पाहिला. मग म्हणाला, "देवाचंच केलं ना तिनं. जाऊ दे. चालू झालं ना." आणि आत ओरडला, "ठेव व ते पिशवी. चहा टाक."

वहिनी बाहेर आली. कपाळावर टेंगूळ, मनगट सुजलेलं, पिशवी दुसऱ्या हातात. तिनं आतून सगळं ऐकलं होतं. "कोनं केलं ते सापडलं ना?" ती म्हणाली. "मारा मंग आता."

मायचा हात थांबला. दादा एक पाऊल पुढे आला, "लय बोलून राह्यली तू." ती मागे सरली नाही. मी उठून तिच्या शेजारी उभी राहिले. त्यानं मारलं नाही. लाज वाटली म्हणून, असं लिहायला मला आवडलं असतं, पण आम्ही दोघी होतो म्हणून, असं मला वाटतं. तिनं चपला घातल्या आणि निघाली.

मी मागोमाग स्टँडवर गेले. मला तिचाही राग आला होता. "तुयासाठीच चालू केलं ना मी," म्हटलं. "आता कायले जातं?"

"मशीन चालू झालं म्हनून राहाचं, बंद पडलं म्हनून जाचं," ती म्हणाली. "असं नाही राहाचं मले, बाई."

गाडी आली. सुजलेल्या हातानं तिला दांडा धरता येईना, मी खालून आधार दिला.

ती परत आली नाही. दिग्रसला कापसाच्या एका जिनिंगमध्ये कामाला जाते. मीही मशीन उचलून आर्णीत खोली केली, अल्बम करते. दादाला कोणी वहिनीचं विचारलं, तर तो अजूनही अगदी मनापासून सांगतो, "काहून गेली कोन जाने. मशीन तं चालू झालतं."