घड्यात एकच मावतो

अग्निनक्षत्र, म्हणजे इकडच्या उन्हाळ्यातले सर्वांत कडक दिवस, लागल्याच्या सहाव्या दिवशी, मंगळवारी, आमच्या घरातल्या दोन चिंचिलांपैकी नर मेला. दुपारी तीन वाजून पन्नास मिनिटांनी आम्ही खोलीचे दार उघडले. तो आधीच मेलेला होता. किती वेळापूर्वी, ते सांगता येत नाही. भिंतीवरचा तापमापक सदतीस अंश दाखवत होता. मादी जिवंत होती.

चिंचिला हा दक्षिण अमेरिकेतल्या थंड डोंगरांवरचा प्राणी. सशाहून लहान, राखाडी, कान मोठे, लोकर इतकी दाट की बोट आत गेले तर कातडी लागत नाही. त्याला घाम येत नाही. पंचवीस अंशांच्या वर तो अस्वस्थ होतो, तिशीच्या पुढे मरू शकतो. अशी जोडी मुलीने बंगळूरला पाळली होती. नोकरीसाठी ती जर्मनीला गेली आणि जोडी तंजावरला आमच्याकडे आली. राजवाड्यामागच्या गल्लीतल्या आमच्या घरात एसी असलेली एकच खोली आहे. ती त्यांना दिली. गारवा बाहेर जाऊ नये म्हणून खिडक्यांच्या फटी मी स्वतः चिकटपट्टीने बंद केल्या.

समोरच्या घरातल्या मामींना हे पटले नव्हते. इथे घुशीला पेरुच्चाळी म्हणतात. दोन वर्षे त्या रोज सकाळी दारात कोलमची रांगोळी काढता काढता विचारत, "काय सार, पेरुच्चाळी बरी आहे का? तिला एसी, आणि मला हा विसणा." मग हातातला ताडपानाचा पंखा उंच करून दाखवत.

त्या खोलीत मातीचा एक घडा आडवा ठेवलेला असे. माती गार राहते म्हणून. घड्यात एकच मावतो. एरवी नर आत बसे आणि मादी वर. त्या मंगळवारी मादी आत होती. नर घड्याच्या तोंडाशी, बाहेर, फरशीवर आडवा पडलेला होता.

बायको म्हणाली, "त्यानं तिला जागा दिली."

तसे घडताना कोणी पाहिलेले नाही.

आम्ही सकाळी साडेआठला ओरत्तनाडूला गेलो होतो. बायकोच्या चुलतभावाच्या घराची वास्तुशांत होती. वीज नऊ वाजता गेली. महिन्यातून एकदा दुरुस्तीसाठी एकेका भागाची वीज नऊ ते पाच बंद ठेवतात आणि आदल्या दिवशी पेपरात भागांची यादी येते. ती यादी मी रोज सर्वांत आधी वाचतो. सोमवारीही वाचली होती. आमची गल्ली तिच्यात नव्हती.

मी एका वर्तमानपत्रात बावीस वर्षे उपसंपादक होतो. त्यातली बरीच वर्षे हीच यादी माझ्या टेबलावरून गेली. वीज कार्यालयाच्या पत्रकाच्या शेवटी नेहमी "व सभोवतालचा परिसर" असे असायचे. मी ते कापत असे. एका ओळीची जागा वाचते, आणि त्या शब्दांतून वाचकाला काही कळत नाही. बुधवारी मी जुन्या टेबलावर फोन केला. आता तिथे बसणारा माझ्याच हाताखाली शिकलेला आहे.

"कालच्या बंदच्या यादीत शेवटी काही होतं का?"

"सभोवतालचा परिसर होतं, अण्णा. कापलं. तुम्हीच शिकवलंत ना. का, काय झालं?"

"काही नाही," मी म्हणालो.

गल्लीत मात्र सगळ्यांना माहीत होते. शनिवारी तारा बघायला आलेल्या लाइनमनने मामींना सांगितले होते आणि मामींनी घरोघर. आमच्याकडे त्या आल्या नाहीत. हे त्यांनी मला आमच्या ओट्यावर बसून, पदराने तोंड पुसत सांगितले. "पेपरवाल्याला आम्ही काय सांगणार, सार? तुम्हाला माहीत असणार असंच वाटलं. करंट गेलं तेव्हा एकदा तुमच्या दाराकडे बघितलं. कुलूप होतं."

मंगळवारी संध्याकाळीच मुलीला फोन केला. ती म्हणाली, "अप्पा, लगेच पुरू नका. तिच्यासमोर ठेवा त्याला. तिला वास घेऊ दे. नाहीतर ती शोधत बसेल."

"किती वेळ?"

"अर्धा तास."

तोपर्यंत वीज आली होती आणि खोली सव्वीसवर उतरली होती. नराला पंच्यावर ठेवले. मादी घड्यातून बाहेर यायला अकरा मिनिटे लागली. तिने त्याचे कान हुंगले, मिशा हुंगल्या. मग ती त्याच्या मानेवरची लोकर दातांनी विंचरू लागली, रोज विंचरत असे तशी. तीस मिनिटे झाली तरी ती थांबली नव्हती. बायको म्हणाली, "पुरे. उचला." मी उचलले. मागच्या अंगणात कढीलिंबाच्या झाडाखाली खड्डा केला. मामी दारात उभ्या होत्या. "पावम," एवढेच म्हणाल्या. बिचारा.

त्या दिवसानंतर मादी घड्यात गेली नाही. रात्रभर तिच्यासमोर ठेवलेले सुके गवत सकाळी तसेच होते. चिंचिलाच्या पोटात सतत गवत जावे लागते. एक दिवस थांबले तर आतडी थांबतात. मुलीच्या सांगण्यावरून तिच्या खाद्याचे दाणे दळले, पाण्यात कालवले आणि सुई काढलेल्या सिरिंजने भरवायला लागलो. दिवसातून पाच वेळा. मी तिला पंच्यात गुंडाळून धरायचे, बायकोने गालाच्या बाजूने थेंब थेंब सोडायचे. ती थोडे गिळे, थोडे बाहेर टाके. गुरुवारी वजन पाचशे सव्वीस ग्रॅम भरले. नर असताना ते पाचशे साठ होते. वजनाचा आकडा मी रोज सकाळी मुलीला कळवत होतो.

नर मेल्यानंतर नवव्या दिवशी पहाटे तिला ओरत्तनाडूला नेले. तिथे गुरांचे एक निवृत्त डॉक्टर राहतात. टोपलीभोवती कापडात गुंडाळलेल्या बर्फाच्या बाटल्या ठेवल्या होत्या. डॉक्टरांनी चष्मा बदलून तिच्याकडे पाहिले. "खरं सांगू? हिला मी आज पहिल्यांदा बघतोय. सशाचं मला कळतं. त्यावरून सांगतो." त्यांनी दात पाहिले, पोट चाचपले. दात ठीक होते. पोटात हवा होती. औषध दिले, भरवणे चालू ठेवा म्हणाले.

"वाचेल का?" बायकोने विचारले.

"अम्मा, गाय असती तर सांगितलं असतं."

परत येताना तिचे अंग दोनदा थरथरले. दुसऱ्या दिवशी वजन बत्तीस ग्रॅमनी उतरले होते. डॉक्टर फोनवर म्हणाले, पुन्हा प्रवास नको, तोच तिला मारील.

मुलीने चेन्नईतल्या एका विक्रेत्याशी बोलून दुसऱ्या नराची चौकशी केली. तो म्हणाला, उन्हाळा संपेपर्यंत पाठवणार नाही, वाटेत जगत नाहीत. बायकोने मुलीच्या जुन्या खेळण्यांतला लोकरीचा ससा खोलीत ठेवला. मादीने तो एकदा हुंगला, नंतर त्याच्याकडे गेली नाही. तिसऱ्या आठवड्यात तिचे वजन चारशे एकतीस होते. पाठीचा कणा बोटाला लागू लागला.

मी दर दोन दिवसांनी वीज कार्यालयात फोन करत होतो आणि मामींनाही विचारत होतो. पुढच्या बंदची तारीख मामींकडून आधी कळली. तीन दिवस हातात होते. बसस्टँडजवळच्या एका लॉजमध्ये जनरेटर आणि एसी आहे. तिथल्या माणसाने फोटो पाहिला. "कुत्रा असता तर बघितलं असतं, सार. हे पाहून बाकीची गिऱ्हाइकं पळतील." जनरेटर भाड्याने देणारे तिघे आहेत. वैकासी महिन्यातला लग्नाचा शेवटचा मोठा मुहूर्त त्याच दिवशी होता. तिघांचेही जनरेटर लग्नांना गेले होते. इन्व्हर्टरवर पंखा चालतो, एसी चालत नाही.

त्या सकाळी आठ वाजता वजन तीनशे अठ्ठ्याण्णव होते. आम्ही खोली अठरावर आणून ठेवली, खिडकीला बाहेरून ओली पोती बांधली, बर्फाच्या बाटल्या ओळीने मांडल्या. नऊला वीज गेली. अकराला पंचवीस, साडेबाराला एकोणतीस. बाटल्या वितळल्या. मी मासळी बाजाराजवळून बर्फाची लादी आणायला निघालो, तेव्हा मामी विचारल्याशिवाय रिक्षात येऊन बसल्या. शाकाहारी मामी आयुष्यात कधी त्या रस्त्याला गेल्या नव्हत्या. नाकाला पदर लावून त्यांनी लादी गोणपाटात गुंडाळून घेतली. घरी आल्यावर त्या खोलीच्या दारात खाली बसल्या आणि लादीवरून आत विसणा घालू लागल्या. हात दुखला की बायको घाली. बायकोने एकदा त्यांना थांबा म्हटले. "गप्प बस ग," मामी म्हणाल्या. "सांगितलं असतं तर."

दोन वाजता एकतीस. बायकोने मादीला उचलून घड्यात ठेवले. ती बाहेर आली. पुन्हा ठेवले. पुन्हा बाहेर आली. तिसऱ्यांदा ठेवले नाही. तीनच्या भरवण्याला तिने काही गिळले नाही. सिरिंजमधले सगळे हनुवटीवरून ओघळले आणि बायकोने ते कोरड्या कापडाने टिपले.

साडेचारला बत्तीस. मादी घड्याच्या तोंडाशी, बाहेर, फरशीवर आडवी होती. घडा रिकामा होता.

वीज पाच वाजून सतरा मिनिटांनी आली. तेव्हा ती श्वास घेत होती.