हसन काही खाली उतरेना

जुन्या लाकडी होडीत बसलं की तळाशी एक आवाज यायचा. टप… टप… फळ्यांच्या सांध्यातून पाणी झिरपायचं. दिसायचं काहीच नाही, आणि बघता बघता घोटे भिजायचे! लोकांना खाडीच्या या काठावरून त्या काठावर नेण्यात माझा जन्म गेला, म्हणून हे सांगतो. किश्शांचंही तसंच असतं. आपण गोळा करायला जात नाही, ते आपले झिरपत राहतात. दुबईहून आल्यापासून माझी होडी काठोकाठ भरलीय. थोडी उपसतो.

गेलो होतो हसनकडे. हसन माझ्या गावचा, माझ्याच वयाचा. तरुणपणी दुबईत, देराच्या धक्क्यावर कामाला गेला आणि तिथलाच झाला. आता मुलाकडे, डिस्कव्हरी गार्डन्सला राहतो. त्याची बायको, जैनबभाभी, पावसाळ्याआधी गेली. तेव्हापासून हसन घराबाहेर पडेना. खिडकीशी खुर्ची आणि खुर्चीत हसन.

मुलगा इम्तियाज फोनवर म्हणाला, "दत्ताकाका, तुम्ही या. व्हिसा, तिकीट सगळं मी बघतो. पाहुण्याला दुबई दाखवायला तरी अब्बा खाली उतरतील."

मी पोचलो. हसनने मिठी मारली, चहा पाजला आणि म्हणाला, "दुबई चांगली आहे. इम्तियाज दाखवील."

झालं! ज्याला बाहेर काढायला मी गेलो तो घरात, आणि मी गावभर!

*

हसनची नात आलिया. मराठी सगळं समजतं तिला, उत्तर इंग्रजीत देते. तिने मला मेट्रोत नेलं आणि सगळ्यात पुढच्या काचेपाशी उभं केलं. समोरून रूळ धावत येत होते. मी ड्रायव्हर शोधला. नव्हता. गाडी मात्र चाललेली!

"अगं, चालवतो कोण?"

"नोबडी, आजोबा. इट्स ऑटोमॅटिक."

मी विचार केला. माझा विचारही बोलण्यासारखाच, हळू चालतो. दोन स्टेशनं गेली.

"मग उशीर झाला तर लोक शिव्या कुणाला घालतात?"

संध्याकाळी आलियाने हे हसनला सांगितलं. तो खिडकीबाहेर बघतच म्हणाला, "दत्त्याला घातल्या तेवढ्या पुरल्या असतील."

*

मग तो उंच टॉवर. लिफ्टमध्ये कान बंद झाले. वर जाऊन बघतो तर काय, सगळे खालीच बघतायत!

हसनची सून सायरा बरोबर होती. तिला म्हटलं, "पोरी, आपल्याकडे माडावर चढणारा निदान नारळ घेऊन तरी उतरतो."

*

वाळवंटात नेलं. गाडी अशी वरखाली उडाली की दुपारचं जेवण दोनदा भेटून गेलं. उतरल्याबरोबर मी चपला हातात घेतल्या आणि पँट गुडघ्यापर्यंत दुमडली.

इम्तियाज म्हणाला, "काका, हे काय?"

"पाणी येईल ना. भरती कधी आहे?"

काय करणार! एवढी वाळू मी जन्मात फक्त ओहोटीलाच बघितलेली. इम्तियाजने हसत हसत ड्रायव्हरला हिंदीत सांगितलं, चाचा विचारतायत पाणी कधी येणार. त्या भल्या माणसाने आभाळाकडे बघून दोन्ही हात वर केले.

"इन्शाल्ला, चाचा!"

*

एका मॉलमध्ये बर्फ आहे. खरा, थंडगार! बाहेर डांबर वितळेल असं ऊन, आणि आत आम्ही जाड कोट घालून कुडकुडतोय. घरी पोचेपर्यंत माझे हात गार होते. हसनने हात हातात घेतला आणि दचकला.

"कुठं गेला होतास?"

"बर्फात."

"कुठल्या बर्फात?"

"दुकानातल्या."

हसनने माझ्या कपाळाला हात लावला आणि सुनेला हाक मारली, "सायरा, कांदा आण. याला ऊन लागलंय."

*

देराच्या खाडीत लोकांना पलीकडे नेणाऱ्या होड्या आहेत. अब्रा म्हणतात. मी गुपचूप बसलो होतो. पण होडी धक्क्याला लागली आणि मी कधी उठलो मलाच कळलं नाही. दोरी धरली, कड्याला बांधली, धक्क्यावर उडी मारली आणि एकेकाला हात देऊन उतरवायला लागलो! एक गोरी बाई म्हणाली, "थँक यू, कॅप्टन!"

होडीवाला बंगाली. कमरेवर हात ठेवून बघत होता. सगळे उतरल्यावर म्हणाला, "चाचा, कल सुबह टाइम पे आना."

घरी हे ऐकून हसन खुर्चीत थोडा पुढे सरकला. "दोरी नीट बांधलीस ना?"

"चल, दाखवतो."

हसन परत मागे टेकला. "तू जा. मला काय बघायचंय तिथं."

*

परतीच्या आदल्या दिवशी बॅगेत खजूर भरून झाले. ज्या कामाला आलो ते तसंच राहिलेलं. मी इम्तियाजला म्हटलं, "मला मासळी बाजारात ने."

"काका, मासळी अब्बाच आणायचे. दुसऱ्या कुणी आणलेली त्यांना चालायची नाही. आता आम्ही फ्रोझन खातो."

"म्हणूनच."

बाजारात सुरमया नुसत्या चकाकत होत्या. मी पुढे गेलो. एका गाळ्यावर कोपऱ्यातल्या टबात एक पडली होती, डोळे आत गेलेली.

"ये दो."

"चाचा, वो कल का है, फेकने का है. ताजा इधर है."

"नही. वोच दो."

"बिल्ली के लिए?"

"हां. घर में एक बोका है. रुसून बैठा है."

घरी येऊन ती हसनपुढे ठेवली. "बघ! ताजी, फडफडीत!"

हसनने मान वळवली. कल्ला उघडून बघितला. पोटावर बोट दाबलं, खड्डा तसाच राहिला.

"दत्त्या, ही तू निवडलीस?"

"होय. चांगली वाटली."

"खाडीवर जन्म गेला तुझा!"

"आता डोळ्यांना कमी दिसतं."

"आणि नाकाला?"

"इट स्टिंक्स, दादाजान," आलिया नाक धरून म्हणाली. सायरा ओठ दाबून भिंतीकडे बघत होती.

मी सावकाश म्हटलं, "असू दे. सायरा, हिचंच कालवण कर. उद्या गावात सगळे विचारतील, हसनकडे काय जेवलास? सांगेन त्यांना."

हसनने मासळी बाजूला सारली. मग उठला. टोपी घातली. आलियाने कपाटाच्या तळातून त्याच्या चपला काढल्या, त्यांच्यावरची धूळ त्याने पायानेच झटकली. खुंटीवरची मासळीची कापडी पिशवी घेतली. इम्तियाज गाडीची किल्ली शोधत "अब्बा, थांबा, थांबा!" म्हणत होता.

हसन दाराबाहेर पडला आणि जिना उतरू लागला.