एकेकानं या!

बाबानं बैलगाडीत आधी दादाला निजवलं, मग भांडी चढवली. दादाचं फुटलेलं डोकं माझ्या मांडीवर, लुगडं रक्तानं चिंब. गावाकडं मागं वळून पाहतो कोण! धामणगावचं स्टेशन येईस्तोवर माझा भाऊ जगावा, एवढंच मला हवं होतं.

वच्छे, तू वऱ्हाडातच राहिलीस म्हणून तुला लिहिते. मामाची तू लेक, दर उन्हाळ्यात पातूरहून आमच्याकडं यायचीस. आपला खेळ आठवतो? रद्दीतल्या फाटक्या रहस्यकथा वाचून आपणच रचलेला. पातूरच्या लेण्यांत खजिना, तोंडाशी दरोडेखोर. गोष्ट मी सांगायची, तलवार दादाची, कवड्या तू फेकायचीस. कवड्या उताण्या पडल्या की वार लागला, मुंडकं उडालं! काय मजा यायची, बाई. तिथं कोणी जात विचारत नव्हतं. आणि वैरी कितीही असोत, पाळी एकेकाचीच.

बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर बाबानं पाटलाला तोंडावर सांगितलं, "मेलं ढोर आता आमी ओढत नाई." पुढच्याच आठवड्यात जमाव आला. दादा कुऱ्हाड घेऊन दारात उभा राहिला अन् ओरडला, "एकेकानं या!" वेडा माझा भाऊ. त्याला खरंच वाटलं, ते पाळी लावतील. सगळे एकदम तुटून पडले. काठी हाडावर बसल्याचा आवाज आपल्या गोष्टीत कधी नव्हता.

दादा वाचला. भिलाईत कारखाना उभा राहत होता; बाबाला ठेकेदाराकडं मजुरी मिळाली, मग क्वार्टर. शेजारी तेलुगू, बिहारी. कोणी "कहाँ के हो" विचारलं की मी "अमरावती" म्हणते, गावाचं नाव घेत नाही. गाव आठवलं की आजही रक्त उकळतं, वाटतं पेटवून द्यावं मेल्यांना. दादाला मात्र दारात सावली पडली तरी धडकी भरायची. कित्येक वर्षं तो भिंतीला पाठ लावून, दाराकडं बघतच निजला.

परवा रविवारी माझी पोरं हट्टाला पेटली, "मामा, कहानी सुनाओ!" दादानं लेण्यांतली मुंडकी अशी सपासप उडवली की पोरं किंचाळली.

"दादा, अजून हेच काहून सांगून राहिला?" मी चिडले.

"त्यात तरी मी मारतो न, बाई," तो बोलला.

मग जेवला, अन् वाऱ्यासाठी उंबऱ्याशीच आडवा झाला, दाराकडं पाठ करून. दार सताड उघडं होतं. बाहेर माणसांची ये-जा चालू होती, अन् दादा घोरत होता. वच्छे, माझं घर आता हेच.