वडील फाट्यावर राहिले

तुमच्या गावच्या फाट्यावर खांबावरून जो माणूस येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे बघतोय, तो अजून जिवंत आहे का, हे तरी तुम्हाला ठाऊक आहे का?

कळंबच्या अलीकडे, आमच्या फाट्यावर माझे वडील तसे बघत होते. विजेच्या खांबाला तारेने बांधलेले. वर एका पुढाऱ्याचा फोटो, खाली 'शोकाकुल' म्हणून हसऱ्या चेहऱ्यांची रांग, आणि मध्ये वडील व दशक्रियेची वेळ.

वडिलांनी आयुष्यभर पत्रकं काढली. दारूच्या दुकानाविरुद्ध, पाण्याच्या पाळीसाठी, शाळेच्या गळक्या छपरासाठी. मी अक्षरं शिकले ती त्या पत्रकांवरच. पण त्यांनी एकही कागद कुणाच्या भिंतीला डकवला नाही. मंचरच्या बाजारात उभे राहून ते पत्रक हातात द्यायचे. म्हणायचे, "हातात दिलेलं माणूस नको म्हणू शकतो. भिंतीवरचं न्हाई."

म्हणूनच मी ग्रामपंचायतीत अर्ज देत होते, की फाट्यावरचे विनापरवाना फ्लेक्स काढा. तिथे इतके वाढदिवस लटकलेले असायचे की थांब्यावरच्या माणसाला येणारी एसटी दिसायची नाही.

वडील गेले आणि दुसऱ्याच दिवशी चुलत्यांनी फ्लेक्स लावला. मी भांडले. ते रडतच म्हणाले, "लोकांला कळाया नको? माझा भाऊ काय बेवारशी व्हता?" शेवटी दशक्रिया झाली की उतरवू, असं ठरलं.

दशक्रिया झाली. फ्लेक्स तिथेच. बांधणाऱ्याला मजुरी मिळते. सोडायचं काम कुणाचंच नसतं. शिवाय गेलेल्या माणसाच्या फोटोला हात कोण लावणार? आमच्याकडे एका वाढदिवसावर दुसरा वाढदिवस चढतो, श्रद्धांजली मात्र चिंध्या होईपर्यंत राहते. मीही खाली मान घालून तिथून जायचे.

नवा अर्ज घेऊन गेले तेव्हा ग्रामसेवक म्हणाले, "काढू की, ताई. सुरुवात कुठनं करू? तुमच्या वडलांपासनं?" मागे कुणीतरी फिसकन हसलं. मी अर्ज तसाच परत आणला.

मग आई बाजाराला जाताना फाटा टाळून कालव्याच्या कडेने जायला लागली. गुडघे दुखत असताना एवढा वळसा कशाला, म्हणून विचारलं.

"वाऱ्यानं त्यांचं तोंड फाटलंय गं," ती म्हणाली. "निम्मं फडफडतंय. मला नाय बघवत."

त्याच दुपारी मी शिडी घेऊन निघाले. फाट्यावरचा चहावाला ओरडला, "काय ताई, लोकांचे वाढदिवस राहिले अन् घरचाच काढाय लागला व्हय?" मग पातेलं उतरवून तोच शिडी धरायला आला. वर बघत मात्र नव्हता.

जुने फ्लेक्स आम्ही कांद्याच्या ढिगावर झाकायला टाकतो. हा टाकवेना. जाळवेना. आईने फाटलेलं तोंड जुळवलं, ते आत राहील अशी घडी घातली आणि माळ्यावर पत्रकांच्या गठ्ठ्याशेजारी ठेवली. ती घडी उलगडायचं धाडस अजून आम्हा दोघींना झालेलं नाही. फाट्यावरचे वाढदिवस आहेत तिथेच आहेत.

तुमच्या घरचं कुणी असं खांबावर असेल, तर ग्रामपंचायतीची वाट बघू नका. दशक्रियेहून परतताना शिडी घेऊन फाट्यावर थांबा, आणि चेहरा धड आहे तोवर त्यांना घरी आणा.