कम्प्युटरने मोडलेलं लग्न

परवा रविवारी दुपारी, मैलूरच्या आमच्या घरात, माझी मुलगी मधुरा मोबाईलशी बोलत बसली होती. माणसाशी नाही... एआयशी. तिला एक स्थळ आलंय, मुलाला दोनदा भेटलीही आहे. त्याचं शिक्षण, नोकरी, स्वभाव, तो काय म्हणाला, ही काय म्हणाली, सगळं टाईप करून तिने विचारलं होतं, "हो म्हणू का?"

मला हसायला यायला हवं होतं. आलं नाही... शोभा अक्का आठवली.

साल अठ्ठ्याऐंशीच्या आसपासचं असेल. आम्ही मंठाळला राहायचो, अप्पा शेती करायचे. मी शाळेत होते आणि माझी मोठी बहीण, शोभा अक्का, तिचं लग्न ठरलं होतं. मुलगा वसंत, गुलबर्ग्याला क्लार्क. साखरपुडाही झाला होता.

एकदा तो आमच्या गावाजवळच्या कल्याणच्या बाजाराला आला आणि आमच्याकडे डोकावला. आईने धपाटे केले, अक्का ताक घेऊन गेली. तो तिला म्हणाला, "तुमचं जेवण झालं का?" एवढंच. पण आमच्या ओसरीवर जेवलेल्या पुरुषांपैकी कुणी हे बाईमाणसाला विचारलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं... पुढचे काही दिवस अक्का भांडी घासतानासुद्धा गुणगुणत होती.

पत्रिका गावातल्या जोशीकाकांनी जुळवली होती. ते आधी पंचांग बघायचे, मग दोन्हीकडच्या माणसांकडे बघायचे. काही आडवं आलंच तर एखादी शांत सांगून वाट काढून द्यायचे.

त्याच सुमारास गुलबर्ग्यात एका दुकानात कम्प्युटरवर पत्रिका निघायला लागल्या. आमच्यापैकी कुणी कम्प्युटर डोळ्यांनी पाहिलासुद्धा नव्हता. लोक म्हणायचे, तो विचार करतो... माणसापेक्षा जास्त अक्कल आहे त्याला.

एका सकाळी वसंत, त्याचे वडील आणि थोरले काका आले. काकांच्या हातात कडेला भोकं असलेला लांब कागद. चहाला हातही न लावता काका म्हणाले, "जमत न्हाई म्हणायलाय कम्प्युटर. आमच्या पोराच्या जिवाला धोका हाय म्हणं."

अप्पांनी जोशीकाकांना बोलावून घेतलं. जोशीकाकांनी एकच विचारलं, "पोरीच्या जन्माची वेळ कोणती घातली?"

"सकाळचे सहा."

अप्पा चटकन म्हणाले, "मी तर गुरं सोडायच्या वक्ताला झाली म्हणून सांगितलो होतो. आमच्या घरी घड्याळ कुठं होतं?"

"मशीनला काहीतरी वेळ द्यावीच लागते की," वसंतचे काका म्हणाले.

"मग असल्या अंदाजावर ठरलेलं लग्न मोडायलाव कामून?" जोशीकाका कळवळून म्हणाले. "एक शांत करू. वाट निघते."

"महाराज, माणूस चुकतो. माणूस भिडंला पडतो. मशीन कुणाच्या भिडंला पडत न्हाई."

तेवढ्यात अक्का स्वयंपाकघराच्या दारात आली. चारचौघात कधी तोंड न उघडणारी अक्का... म्हणाली, "त्यांना काय वाटायलंय, ते तर विचारा."

सगळ्यांनी वसंतकडे पाहिलं. तो त्या कागदावरच्या इंग्रजीकडे बघत होता. इंग्रजी त्याला येत होतं, घरात बाकी कुणालाच येत नव्हतं. "एवढं मोठं मशीन..." तो म्हणाला, "खोटं कामून सांगंल?" त्याचा आवाज फाटला होता. अक्का आत गेली.

जोशी नाही म्हणाला तर दुसऱ्या गावचा जोशी असायचा. कम्प्युटरच्या वर कोण होतं? हुमनाबाद, भालकीपर्यंत बातमी गेली... कम्प्युटरने नाकारलेली पोरगी. नंतर आलेल्या स्थळांनी आधी त्या कागदाबद्दल विचारलं. मग स्थळंच आली नाहीत. जोशीकाकांकडेही लोक जाईनासे झाले.

अक्का अंगणवाडीत लागली. आईअप्पांचं सगळं शेवटपर्यंत तिने केलं. आता साठीला आलीये, मंठाळलाच असते, एकटी.

मी हे सगळं सांगत होते तेव्हा मधुराने मोबाईल कधी उलटा ठेवला, कळलं नाही. तिने विचारलं, "पण मावशीला तो आवडला होता का?"

मला खरंच माहीत नव्हतं... जोशीकाका बरोबर की कम्प्युटर बरोबर, यावर आमच्या घरात वर्षानुवर्षं वाद झाले. हा प्रश्न कधी निघालाच नव्हता.

मधुराने तिथल्या तिथे फोन लावला, स्पीकरवर. "मावशी, एक विचारू? तुला तो वसंत आवडला होता का गं?"

पलीकडे टीव्हीचा आवाज येत होता. तो बंद झाला.

"व्हय गं बाई..." अक्का म्हणाली. "लई आवडला होता."

आणि रडायला लागली. अप्पा गेले तेव्हाही मी तिला असं रडताना ऐकलं नव्हतं. मधुरा नुसती हुं हुं करत राहिली.

मग अक्का आपणहून सांगायला लागली. बऱ्याच वर्षांपूर्वी हुमनाबादच्या स्टँडवर तो दिसला होता. बायको, दोन मुलं सोबत. अक्काला पाहून बाकावरून उठला, तसाच थोडा वेळ उभा राहिला... आणि परत बसला. "लागली गाडी, मी चढले," अक्का म्हणाली. "धडधाकट होता गं. देवानं बरं ठेवलंय."

मधुराच्या प्रश्नाला एआयने काय उत्तर दिलं, मी विचारलं नाही. आताची मशीनं शहाणी आहेत म्हणे, चांगलंच दिलं असेल. तिनेही अजून हो-नाही सांगितलेलं नाही, आणि मी घाई करत नाही.

पण पोरी, त्या दुपारी तू मावशीला फोन लावलास... त्याचे उपकार मी विसरणार नाही. एवढ्या वर्षांत आमच्यातल्या कुणालाच ते सुचलं नव्हतं.