चौकट बसल्यावर उरते ती जागा

पौर्णिमा आमच्याकडे आली तेव्हा माझ्या यजमानांची नजर जवळजवळ गेलेली होती. त्यांचं नाव त्र्यंबक. मी त्यांना 'हे'च म्हणते, आमच्या पिढीची सवय. सरकारी बांधकाम खात्यातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झाल्यावर ह्यांनी मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या आमच्या घरात, पुढच्या खोलीत, नकाशांचं छोटं ऑफिस थाटलं. सुरुवात बरी झाली. मग दोन्ही डोळ्यांच्या पडद्यांनी दगा दिला. समोर माणूस उभा आहे एवढं कळायचं, पण कागदावरची रेघ काही केल्या दिसेना. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, आहे तेवढं टिकवू, गेलेलं परत येणार नाही. परतीच्या गाडीत हे म्हणाले, "अलकनंदा, ऑफिस बंद करू." मी खिडकीबाहेर बघत बसले.

आमची दारं-खिडक्या करणारा नथ्थू मिस्त्री आठवड्यातून एकदा तरी चहाला यायचा. त्याच्या कानावर ही गोष्ट गेली. तो म्हणाला, "परसवाड्याकडची एक पोरगी आहे. कंप्यूटरवर नक्शे काढते. हात साफ आहे तिचा. बस, एवढंच की चालत नाही."

"चालत नाही म्हणजे? नकाशे पास होत नाहीत?"

नथ्थूनं स्वतःच्या पायांवर हात ठेवला. "हे चालत नाहीत."

अशी पौर्णिमा आली. चाकाच्या खुर्चीत, मागे आई गोदाबाई, पुढे वडील प्रेमलाल. दहावीत असताना धानाच्या ट्रॉलीवरून पडली, पाठीच्या कण्याला मार लागला आणि कमरेखालचं अंग गेलं. पुढच्या परीक्षांना प्रेमलालभाऊंनी तिला अक्षरशः कडेवर नेलं. मग तिनं नकाशे काढण्याचा कोर्स केला. आमच्या मागच्या गल्लीत मायलेकींनी खोली घेतली आणि प्रेमलालभाऊ शेतीकडे परतले.

ती फार बोलत नसे. कुणी खुर्ची उचलून पायरी चढवली की मान खाली घालून "धन्यवाद" म्हणायची, ते पाठ केल्यासारखं. एकदा मी तिला म्हटलं, "अगं, एवढं कशाला दर वेळी?"

"काकू, ज्याले उचलून घ्या लागते त्याले म्हणाच लागते. नाई म्हटलं तं पुढच्या वेळी कोणी येत नाई." एवढं बोलून ती पुन्हा स्क्रीनकडे वळली.

कामाची रीत अशी बसली: हे आरामखुर्चीत डोळे मिटून बसायचे आणि पौर्णिमा नकाशा वाचून दाखवायची. खोली किती बाय किती, जिना कुठे, खिडकी कोणत्या भिंतीत. सगळ्यात जास्त वेळ लागायचा तो दारं-खिडक्यांच्या तक्त्याला. ऑफिसात त्याला शेड्यूल म्हणतात. घरातल्या प्रत्येक दाराला नकाशात नंबर असतो, डी-एक, डी-दोन. खिडक्यांचे नंबर वेगळे. तक्त्यात त्या प्रत्येक नंबरापुढे लिहायचं: रुंदी, उंची, लाकूड कोणतं, पल्ला म्हणजे उघडणारी फळी एक की दोन, बिजागरी डावीकडे की उजवीकडे. मिस्त्री नकाशा फारसा बघत नाही, तक्ता बघतो. ह्यांच्यासाठी तर तक्ता म्हणजेच इमारत झाली होती. तो ऐकता ऐकता हे मनातल्या मनात घरभर फिरून यायचे आणि मध्येच म्हणायचे, "थांब. स्वयंपाकघराचं दार उजवं? मग ते ओट्यावर आपटेल."

अडचण एकच होती. नकाशा बदलला की तक्ता आपोआप बदलत नसे. मालक म्हणाला, ही खिडकी नको, की पौर्णिमा नकाशातून खिडकी काढायची, मग तक्त्यात जाऊन ती ओळ शोधून पुसायची, मग खालचे सगळे नंबर पुन्हा टाइप करायचे. एखादी ओळ राहून गेली की नथ्थू कुठेच न बसणारी खिडकी घेऊन हजर.

एक दिवस ती वैतागून म्हणाली, "सर, दार तं नकाशात बसलंच आहे. मग मी त्याची कुंडली दुसरीकडे हातानं काहून लिहून राह्यली?"

"मग काय करशील?"

"दाराच्याच पोटात त्याची माहिती टाकते. तक्ता तिथूनच उचलून घेईन."

सॉफ्टवेअरमध्ये तशी सोय होती, पण तिच्या वाटेला कुणी गेलं नव्हतं. पौर्णिमा व्हिडिओ बघून शिकली. इंग्रजी अडलं तर मला विचारायची, आणि मलाही अडलं की आम्ही दोघी डिक्शनरी काढून बसायचो. पावसाळा संपता संपता तिनं ते जमवलं. नकाशात दार हलवलं, छोटं केलं, काढून टाकलं, की तक्ता आपला आपण बदलायचा. हे ऐकत होते. म्हणाले, "पुन्हा कर." तिनं एक खिडकी काढली, तक्ता वाचला, खिडकी परत घातली, तक्ता वाचला. ह्यांनी टाळी वाजवली. डोळे गेल्यापासून मी त्यांना इतकं खूष पाहिलं नव्हतं.

त्याच सुमारास बिरसा गावी एका संस्थेच्या मुलींच्या वसतिगृहाचं काम आलं. मध्ये अंगण, दोन बाजूंना खोल्यांच्या दोन सारख्या रांगा. पौर्णिमानं डावीकडची रांग काढली आणि आरशात दिसावी तशी पलटून उजवीकडे ठेवली. सगळे तसंच करतात, वेळ वाचतो. तक्ता निघाला, तिनं वाचला, ह्यांनी ऐकला, सही झाली. नथ्थूनं चौकटी केल्या, बिजागऱ्यांच्या खाचा पाडल्या, माल बिरसाला गेला.

आणि मग नथ्थूचा फोन. "साहब, दुसऱ्या बाजूचे सारे दरवाजे उल्टे आहेत. उघडले की पलंगाच्या जागेवर येऊन राह्यले."

पौर्णिमानं नकाशा उघडला. नकाशा बरोबर होता. पण रांग पलटली तेव्हा डावी दारं उजवी झाली होती, आणि त्यांच्या पोटातल्या माहितीत मात्र 'डावं'च राहिलं होतं. तक्त्यानं तेच उचललं. दोन्हीकडे सारखंच ऐकू येत असताना ऐकून तपासणाऱ्या माणसाला हे कळणार तरी कसं?

ती खुर्चीत आक्रसून बसली. "सर, जुनाच तक्ता बरा होता. मी उगीच अकल लावली."

"सही कुणाची आहे?" ह्यांनी विचारलं.

"तुमची."

"मग मी जातो बिरसाला. तू सोबत ये. मला दिसत नाही, कुणीतरी सांगायला हवं ना."

आम्ही तिघं जीपनं गेलो. वाटेत साल आणि बांबूचं जंगल, पण पौर्णिमाचं लक्ष कुठेच नव्हतं. तिला वाटत होतं, नथ्थू चारचौघांत बोलणार. नथ्थू तिथे उकिडवा बसून चौकटीच्या खाचेत लाकडाची चिप्पी ठोकत होता. शेजारी तशाच कापून ठेवलेल्या चिप्प्यांचा ढीग.

"आली का बेटी? पाह्य, जुनी खाच अशी भरून टाकतो. कब्जा, म्हणजे तुमची बिजागरी, या बाजूनं लावला की झालं. रंगाखाली दिसणार पण नाही."

"काका, माह्यामुळे तुमाले दुसऱ्यांदा मेहनत..."

"अरे, पंधरा वर्षांचा होतो तवा मी एका शादीच्या घरचा मोठा दरवाजा उल्टा लावलता. बरात आत येईना. लोकं आजही सांगतात." तो हसला आणि पुन्हा ठोकू लागला. "तुझा तक्ता सोडू नको. त्यानं माझं काम सोपं केलं. एक गोष्ट चुकली तं ती एक दुरुस्त कर."

थोड्या वेळानं पौर्णिमा एकटीच खुर्ची ढकलत खोल्या बघायला गेली. मी अंगणात होते. मला तिची हाक ऐकू आली, "काकू, इकडं या बरं."

ती रांगेच्या टोकाला, न्हाणीघराच्या दारात अडकली होती. चाकांचा पुढचा भाग आत, बाकीची खुर्ची बाहेर. मला वाटलं, रडतेय. बघते तर हसत होती, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"काकू, हे दार मीच काढलं ना!"

तक्त्यात अडीच फूट लिहिलेलं होतं. पण अडीच फूट ही भिंतीतली फट. तिच्यात दोन्ही बाजूंनी चौकट बसते, मग उघडलेल्या पल्ल्याची जाडी जाते, आणि माणसाच्या वाट्याला जेमतेम दोन फूट उरतात. तिची खुर्ची त्याहून रुंद. "सगळे अडीच लिहितात म्हणून मीही अडीच लिहिलं. माह्यासारखीनं! जाता येते का ते तक्त्यात कोणी लिहीतच नाई."

ह्यांना सांगितलं. हे भिंतीला हात लावत त्या दारापर्यंत आले, चौकटीच्या आतून दोन्ही पंजे फिरवून अंदाज घेतला आणि म्हणाले, "प्लास्टर व्हायचंय अजून. दोन्ही रांगांतलं एकेक न्हाणीघर रुंद करून घेऊ. संस्थेशी मी बोलतो." संस्थेची तिथे आलेली माणसं आधी दारांवरून नाराज होतीच, पण पौर्णिमाला त्या दारात बघितल्यावर त्यांनी लगेच होकार दिला.

घरी आल्यावर तिनं ठरवलं की तक्त्यात दोन सुधारणा करायच्या. दार पलटलं की डावं-उजवंही पलटलं पाहिजे. आणि एक नवा रकाना हवा: चौकट बसून पल्ला उघडल्यावर उरणारी मोकळी रुंदी. रकाना तिनं केला, पण पलटण्याचं काही तिला जमेना. तेव्हा तिनं त्या सॉफ्टवेअरच्या वापरणाऱ्यांच्या एका ग्रुपवर अर्धं हिंदी, अर्धं मराठी असं लांबलचक लिहून टाकलं. बऱ्याच जणांनी वाचलं, एकानं वर केलेल्या अंगठ्याचं चिन्ह टाकलं. उत्तर आलं ते पुण्याहून, वैदेही नावाच्या मुलीचं. ती असल्या सॉफ्टवेअरला जोडायची छोटी छोटी अवजारं तयार करते आणि लोकांना फुकट वापरायला देते.

वैदेहीनं व्हिडिओ कॉल केला. "पौर्णिमाताई, तुमची फाइल बघितली. मला एक सांगा, हा मोकळ्या रुंदीचा रकाना तुम्हाला कुठे सापडला? मी शोधतेय, कुठल्या टेम्प्लेटमध्ये दिसत नाहीये."

"सापडला नाई. न्हाणीघराच्या दारात फसलती, तवा सुचला."

मग वैदेही म्हणाली, "मी गेली काही वर्षं दारांचे तक्ते करणारं अवजार लिहितेय. माझ्या डोक्यात हे एकदाही आलं नाही. मी हे घेतलं तर चालेल? म्हणजे सगळ्यांसाठी?"

"आणि पलटायचं?"

"ते मी करते. पण मला तपासायला तुम्ही लागाल."

त्यानंतरचे काही महिने आमच्या पुढच्या खोलीत पुण्याची मराठी आणि परसवाड्याची मराठी यांचा बाजार भरायचा. वैदेही नवीन आवृत्ती पाठवायची, पौर्णिमा ती मोडून दाखवायची. "दार डावं झालं, पण सरकतं दार पण डावं-उजवं सांगून राह्यलं. त्याले कब्जाच नाई तं कसलं डावं?" वैदेही कपाळाला हात लावायची आणि पुन्हा लिहायला बसायची. ह्यांनी सुचवलं की दार अरुंद असेल तर ती ओळ लाल व्हावी. "मला लाल दिसणार नाही," ते म्हणाले, "पण इतरांना दिसेल." आणि मग गंभीरपणे, "पौर्णिमा, तू मला वाचून दाखवताना 'लाल' असं मोठ्यानं म्हणत जा."

अवजार बाहेर पडलं. पुढे कधीतरी हिरालाल नावाच्या कुण्या नकाशेवाल्याची रागावलेली तक्रार आली, हिंदीत: बाथरूमची सगळी दारं लाल का दाखवता, ग्राहक घाबरतो! वैदेहीनं ती पौर्णिमाकडे पाठवली. पौर्णिमानं शांतपणे लिहिलं की लाल म्हणजे चूक नव्हे. या दारातून चाकाची खुर्ची जाणार नाही एवढंच तो रंग सांगतो, बाकी तुमची मर्जी. महिनाभरानं त्याचा मेसेज आला. ग्राहकाची आई आजारातून उठली होती, पण चालता येत नव्हतं. लाल ओळी बघून ग्राहकानं घरातली दोन दारं वाढवून घेतली. खाली लिहिलं होतं, "आपका शुक्रिया, बहनजी."

पौर्णिमानं तो मेसेज मला वाचून दाखवला आणि फोन मांडीवर ठेवला. "काकू, आजपर्यंत मीच म्हणत आली. मले कोणी म्हटलं तं काय बोला लागते?"

मी म्हटलं, "काही बोलू नये. ऐकून घ्यावं."

मागच्या हिवाळ्यात वैदेही मैत्रिणींबरोबर कान्हाचं जंगल बघायला निघाली आणि वाटेत बालाघाटला आमच्याकडे उतरली. गोदाबाईंनी तिच्यासाठी तांदळाच्या पिठाचे वडे केले होते. आपल्या पोरीसाठी काय काय केलं कोण जाणे या मुलीनं, अशा कौतुकानं त्या तिच्या पानात वाढतच राहिल्या. जेवण झाल्यावर पौर्णिमा तिला नथ्थूच्या कारखान्यात घेऊन गेली. मी आणि हेही बरोबर होतो. पायरीपाशी वैदेही खुर्ची उचलायला पुढे झाली तर पौर्णिमानं तिला कसं धरायचं ते सांगितलं आणि वर पोचल्यावर तिच्याकडे बघून मोकळेपणी "थँक्यू गं" म्हणाली. मान खाली नव्हती.

मग ती नथ्थूला म्हणाली, "काका, बिरसाले तुमी म्हटलं होतं, तक्ता सोडू नको. तेव्हा बोलता नाई आलं. आता बोलते. तुमच्यामुळे सोडला नाई मी."

नथ्थू संकोचला. भुसा झटकत उठला, भिंतीला खिळ्यानं लावलेला ताजा तक्ता काढून आणला आणि वैदेहीच्या हातात दिला. "ही कंप्यूटरवाली बाई का? बरं झालं आली. अक्षर फार बारीक आहे हो तुमचं. चष्मा लावून पण दिसत नाही. आणि कब्जे किती लागतील ते पण लिहून येऊ द्या."

वैदेही लाकडाच्या ओंडक्यावर टेकली, तिनं पेन काढलं. पौर्णिमानं खुर्ची जवळ घेतली. हे मध्येच म्हणाले, "कड्यांचंही घ्या." नथ्थू सांगत गेला, वैदेही लिहीत गेली, आणि बाहेर तिच्या मैत्रिणींची जीप हॉर्नवर हॉर्न वाजवत राहिली.